खंडेनवमीचा पाय

ऑक्टोबर आला की माझा उजवा पाय घामाने भरतो. भरतो म्हणजे भांड्यासारखा भरतो. संध्याकाळी मरोळहून घरी आलो की मी मोरीच्या कट्ट्यावर बसतो, पाय काढतो, आतलं रबरी अस्तर उलटं करतो आणि दिवसभराचा घाम मोरीत ओततो. शुभा, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरातून विचारते, "आज किती?" मी म्हणतो, "दोन चमचे." कधी म्हणतो, "अर्धी वाटी. बासुंदी आटवली असती." ती "शी!" म्हणते. शंभर प्रयोग होऊन गेलेल्या नटांसारखे आम्ही ही वाक्यं म्हणतो. टाळ्या पडत नाहीत, पण एकाने वाक्य गाळलं तर दुसऱ्याला चुकल्यासारखं होतं.

काल विक्रोळी स्टेशनबाहेर गोणपाटावर झेंडूचे ढीग लागले होते. वरून पाणी मारून मारून फुलं जड केलेली, आणि त्यांचा तो कडवट, ओल्या मातीसारखा वास. आमच्या आजूबाजूला कुणाला झेंडूवरून देवी आठवते, कुणाला गाडीचं बोनेट. मला मासळी बाजार आठवतो. आज खंडेनवमी आहे. सकाळपासून माझा पाय समोर पाटावर बसला आहे, गळ्यात झेंडूची माळ घालून. गळा म्हणजे घोट्याच्या जरा वरची जागा. आणि मी कॉटवर बसून त्याच्याकडे बघतोय. दोघांनाही आज सुट्टी.

सहा वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत माझा पाय गुडघ्याखाली वीतभर ठेवून कापला होता. कारण इतकं साधं की सांगायला लाज वाटते. शुगर, आणि नव्या चपलेचा चावा. पायाला संवेदना कमी, त्यामुळे चावा कळला नाही. कळला तेव्हा अंगठा काळा पडला होता. सर्जन म्हणाले, "गुडघा तुम्हाला ठेवून दिलाय. तो सांभाळा." जणू लग्नात आहेर दिला.

लोकांना मात्र साधं कारण चालत नाही. रिक्षावाला विचारतो, लिफ्टमधला विचारतो, बँकेत माझ्या मागे उभा असलेला विचारतो, "काय झालं होतं?" पहिले काही महिने मी खरं सांगत होतो. लोकांचे चेहरे पडायचे, कुणी तरी लगेच आपल्या मावसकाकांची शुगर सांगायला लागायचं. मग मी त्यांच्यासाठी चांगल्या गोष्टी तयार केल्या. एकाला सांगितलं, सैन्यात होतो. एकाला सांगितलं, उसाच्या चरकात गेला, रस मात्र गोड निघाला. आमच्या बाजारात वर्सोव्याहून मासळी घेऊन येणाऱ्या हिराबाईला मोठ्या थाटात शार्कची गोष्ट सांगितली, "समुद्रात पोहत होतो मावशी, मुशीने खाल्ला."

हिराबाईने कोयतीवरची मान वर केली नाही. "आमच्या वर्सोव्याच्या मुशीला जिभेची चव हाय. तुझा पाय कशाला खाईल ती? शुगर हाय ना तुला?"

"आहे," मी म्हणालो.

"माझ्या धन्याचा अंगठा तसाच गेला. रोज उघडून बघतोस ना?"

"बघतो."

"मग बांगडे घे."

त्या दिवसापासून मी तिच्याशी खोटं बोललो नाही. आई तर तिची मैत्रीणच. दोघी विधवा, दोघी सत्तरीच्या पुढच्या, दोघींना सगळ्या जगाच्या सुना नीट काम करत नाहीत असं वाटायचं. आई तिला 'गो हिरा' म्हणायची आणि पिशवी भरली तरी पाटीपाशी बसून राहायची.

पाय मिळाला तो मे महिन्यात. पाय बनवणाऱ्या मॅडम फार कडक. मी त्यांच्यासमोर पहिली चार पावलं टाकली आणि वाकून मुजरा केला, तर म्हणाल्या, "नाटक नंतर. आधी टाच टेका." त्यांनी मला सगळं पहिलीच्या मुलासारखं शिकवलं. उरलेल्या पायाला त्या आणि डॉक्टर स्टंप म्हणतात. तो सुरुवातीचं वर्षभर बारीक होत जातो. म्हणून सकाळी एक मोजा, दुपारी दोन, संध्याकाळी तीन. मोजे कमी पडले तर तो आत खाली घसरतो आणि त्याचं टोक तळाला आपटतं. रोज संध्याकाळी साबणाने धुवायचा, कोरडा करायचा, आरसा धरून मागून-खालून बघायचा. "आणि एक लक्षात ठेवा," मॅडम म्हणाल्या, "पाय काढल्यावर कुठे लाल दिसलं तर दहा मिनिटं थांबायचं. डाग गेला तर ठीक. राहिला तर दुसऱ्या दिवशी पाय घालायचा नाही. मला फोन करायचा. तुम्हाला दुखून कळणार नाही. डोळ्यांनीच कळणार."

आई त्याला स्टंप म्हणत नसे. रात्री त्याला इलास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळावी लागायची, वरून खाली, आडवी-तिरकी. ते बघून तिला टोपरं-झबल्यातलं तान्हं आठवायचं. "बाळाक न्हाऊक घातलंस?" ती विचारायची. "बाळाक गुंडाळलंस?" पन्नाशीला पोचलेला मुलगा, त्याच्या मांडीखाली एक बाळ, आणि ते बाळ रोज कपड्यांतून लहान होतंय. मी हसायचो. खरं सांगतो, हसायला बरं पडायचं.

गणपतीत मी कुबड्यांचं विसर्जन केलं. विसर्जन म्हणजे माळ्यावर टाकल्या. शेजाऱ्यांना बोलावलं, पेढे वाटले, स्टुलावर शुभाला चढवलं आणि खालून घोषणा दिली, "यापुढे ह्या खाली उतरणार नाहीत!" शेजाऱ्यांनी 'मोरया' म्हटलं. हा असला थाट अंगाशी येतो. पण तो करताना किती छान वाटतं, हे ज्यानं केलाय त्यालाच विचारा. दुसऱ्याच आठवड्यात मी मरोळच्या वर्कशॉपमध्ये परत रुजू झालो, हत्यारांच्या स्टोअरमध्ये. शेटने माझ्यासाठी मुद्दाम गादीचं स्टूल आणून ठेवलं होतं. मी त्यावर डबा ठेवला आणि दिवसभर उभा राहिलो.

मग ऑक्टोबर आला. पत्र्याखाली दुपारी श्वाससुद्धा तापायचा. घामाने अस्तर निसटायचं, पाय पचपच आवाज करायचा. मोजे वाढवायला दर वेळी संडासात जाऊन, पँट उतरवून, सगळं काढून पुन्हा घालायचं. एकदा गेलो, दोनदा गेलो. तिसऱ्यांदा कंटाळलो. कंटाळा हा शब्द लहान आहे, पण माझ्याकडे दुसरा नाही. माणूस शौर्याने थकत नाही, मोज्याने थकतो.

एका संध्याकाळी आरशात लाल डाग दिसला, टोकाला, बोराएवढा. मी दहा मिनिटं थांबलो. वीस मिनिटं थांबलो. तो बसून राहिला. दुखत काहीच नव्हतं. मी पट्टी गुंडाळली आणि जेवायला बसलो.

फोन केला नाही. का, हे इतक्या वर्षांनी तरी नीट सांगायला हवं. फोन केला असता तर पाय ठेवून द्यावा लागला असता, कुबड्या माळ्यावरून उतरल्या असत्या, शेटच्या स्टुलावर मी बसलो असतो आणि लिफ्टमधले लोक पुन्हा विचारायला लागले असते. ते नुकते कुठे थांबले होते. सकाळी मी दोन बोटं जास्त पावडर मारली आणि पाय चढवला. गुडघ्याला काय धोका आहे हे मला तोंडपाठ होतं. पण जे दुखत नाही त्याला भिणार तरी किती दिवस? चार दिवस गेले. बोराचं लिंबू झालं, मधली कातडी पांढरी पडून सुटली.

आणि खंडेनवमी आली. सकाळी मी अंघोळ करून आलो तर कॉटशेजारी पाय नाही. तो देव्हाऱ्यासमोर पाटावर उभा. शेजारी विळी, शुभाची शिलाई मशीन, माझा पाना, घरातला मिक्सर. सगळ्यांना हळद-कुंकू, सगळ्यांना झेंडू. आईने पायाच्या तोंडाशी तर कुंकू अगदी सढळ हाताने टाकलेलं.

"आई, पाय दे. मला जायचंय."

"खय?"

"कारखान्यात. तिथे पण पूजा आहे."

"पूजलेला आवजार त्या दिवशी वापरूचा नाय."

"अगं, तो पाय आहे. अवजार नाही."

"पाय ह्यो," तिने माझ्या डाव्या गुडघ्यावर थाप मारली. "ता आवजार. स्क्रू आसत त्येका." आणि मग हुकमाचं पान टाकलं. "तुझ्या बापाशीन आयुष्यात कधी खंडेनवमीक साचा चालवल्यान नाय. तू कोण मोठो लागून गेलंस?"

बाबा गिरणीत होते. साचा म्हणजे त्यांचा माग. त्या दिवशी गिरणीतले सगळे साचे फुलं घालून गप्प असायचे, आणि तेवढ्या एका दिवशी बाबा कापसाचा वास न घेता घरी यायचे. शेटला फोन करून सांगितलं, "माझा पाय आज पूजेत बसलाय." शेट इतका हसला की त्याला ठसका लागला.

त्या दुपारी पंखा गरम हवा फिरवत होता आणि माझ्या नसलेल्या अंगठ्याला खाज सुटली. हे ज्याला होतं त्यालाच माहीत. अंगठा फेब्रुवारीत गेलेला, आणि खाज मात्र ऑक्टोबरात आलेली. मी कूस बदलली, उशी आवळली. आई तांदूळ निवडत होती. ताट बाजूला ठेवून कॉटपाशी आली.

"खय खाजता?"

"अंगठ्याला. उजव्या."

ती चादरीवर, जिथे पाय असता तिथे, बोटांनी खाजवायला लागली. "हय?"

"जरा खाली."

"हय?"

"हां."

खाज थांबली. कशी थांबली, मला विचारू नका. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, होतं असं. आई पुन्हा तांदूळ निवडायला बसली. पट्टी सोडून आत बघू का, असं तिने विचारलं नाही. मीही दाखवलं नाही.

दसऱ्याला मी पाय घातला. दिवसभर आपट्याची पानं वाटत, लोकांना मिठ्या मारत हिंडलो. संध्याकाळी शुभाने धुवायला मोजे घेतले आणि तिथूनच ओरडली, "अहो, हे काय? सगळा मोजा लाल!" मी पेपर उचलून तोंडासमोर धरला. पण पुढचं वाक्य तिनेच मला बोलून दिलं. "आई, किती ते कुंकू टाकलंत आत! जरा हात आखडता घ्यायचा."

तिची काय चूक? मोज्यावर हळदीचे पिवळे डाग होतेच, आणि हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे कुठल्या मराठी बाईला माहीत नाही? बाहेरच्या माणसाला ते रक्तच दिसलं असतं. आमच्या घरात ते कुंकू दिसलं.

आईने तिच्या हातातला मोजा घेतला. खिडकीपाशी नेला. दोन बोटांत चोळून बघितला. "धुवून टाक," म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. मी पेपर वाचत होतो. पेपर उलटा नव्हता, एवढी काळजी मी घेतली होती.

पुढचे तीन दिवस माझ्या मोज्यांत कुंकू येत राहिलं. "अजून निघतंय बघा," शुभा म्हणायची. "कोपऱ्यात बसलं असेल," मी म्हणायचो.

शनिवारी आई एकटीच बाजारात जाऊन आली, आणि पिशवी रिकामी. "मासळी बरी नाय," म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "उद्या तू पण जा शुभाबरोबर. सुरमई तुका बरी कळता." आयुष्यात पहिल्यांदा तिने मला मासळीतलं काही कळतं असं म्हटलं होतं. मी खूश झालो.

नवरात्राचे नऊ दिवस आणि वरचे चार मासळीविना गेलेले, त्यामुळे रविवारी अख्खी विक्रोळी मासळीवर तुटून पडलेली. हिराबाईपुढे बायकांची ही गर्दी. आम्ही पुढे सरकलो. तिने सुरमई फळीवर आडवी टाकली, कोयती उचलली, आणि हात तसाच धरून नाक वर केलं. एकदा इकडे, एकदा तिकडे.

"कसला वास येतोय?"

शुभा म्हणाली, "मासळी बाजारात कसला येणार, मावशी? तुमच्याच पाटीचा असेल."

"माझ्या?" हिराबाई उठून उभी राहिली. तिने सुरमईचा कल्ला बोटाने उघडला आणि शुभाच्या नाकासमोर धरला. "हे बघ! लालभडक. पन्नास वर्सं मासळी विकते मी. ताजं नि शिळं मला नको शिकवू. वास तुझ्या नवऱ्याकडनं येतोय, बाय. त्याचा पाय बघ."

बाजार गप्प होतो हे मी पहिल्यांदा ऐकलं. शुभा पेटली. "जिभेला काही हाड आहे का मावशी तुमच्या? माणसाला काय बोलावं..." आणि बोलता बोलता ती माझ्याकडे वळली. मी आयुष्यभर स्वतःला चांगला नट समजत आलोय. त्या क्षणी चेहऱ्याने मला दगा दिला.

सुरमई तिथेच राहिली. रिक्षात शुभाने रिकामी पिशवी घडी घालून मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "कुंकू नव्हतं ना?"

"नव्हतं."

ती एवढंच म्हणाली, "मी हाताने धूत होते हो ते."

सर्जननी जखम बघितली. मग म्हणाले, "अजून चार दिवस असेच हिंडला असतात, तर आपण आज गुडघ्याचं बोलत असतो." तरीही पहिले आठ दिवस ते गुडघ्यावर हात ठेवून गरम लागतोय का बघायचे आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचो. इंजेक्शनं, ड्रेसिंग, शुगर तपासायला बोटाला सुया. सात आठवडे पाय घालायचा नाही. कुबड्या माळ्यावरून उतरल्या, धुळीसकट. दिवाळीत मी पाटावर उजवा गुडघा सरळ ठेवून बसलो होतो, आणि लोक फराळाला येऊन विचारत होते, "काय झालं?" या वेळी मी एकही गोष्ट रचली नाही. ताकद नव्हती.

गुडघा वाचला. पाडव्याच्या दिवशी आईने आपली जुनी फणेरपेटी उघडली. बाबा गेल्यापासून ती बंद होती. आतला आरसा काढला, ज्यात बघून ती तीस-पस्तीस वर्षं कुंकू लावत आली होती, आणि माझ्या हातात दिला. "ह्येच्यात बघ रोज," म्हणाली. बाकी काही नाही.

तेव्हापासून आमच्याकडे खंडेनवमीला पायाची पूजा होते, पण त्याला हळद नाही, कुंकू नाही. पांढऱ्या अक्षता आणि झेंडू. लाल काहीही आत जायचं नाही, हा शुभाचा नियम. आणि माझा एक नियम, जो मी कुणाला सांगितला नाही. त्या रविवारनंतर मी पुन्हा हिराबाईच्या पाटीसमोर उभा राहिलो नाही. बाजारात लांबचं वळण घेऊन जातो. बसमध्ये कडेला बसतो. खिशात अत्तराचा फाया असतो. कुणी रुमाल नाकाला लावला, मग त्याला सर्दी का असेना, मला वाटतं, वास आला. जखम सात आठवड्यांत भरली. वास मात्र सहा वर्षं माझ्याबरोबर हिंडतोय.

थकवा येतो तो असा. चालण्याचा येत नाही, चालायची सवय होते. रोज संध्याकाळी तेच धुणं, तेच पुसणं, तोच आरसा, आणि मनात तोच प्रश्न, आज काय दिसेल. बाकीची माणसं घरी येऊन पाय पसरतात. मी घरी येऊन पाय तपासतो. कधी वाटतं, एक दिवस, फक्त एक दिवस, बघू नये.

आज सकाळी मी बघितलं. पाय काढून त्याची पूजा मांडल्याबरोबर, फणेरपेटीतला आरसा घेऊन. टोकाला मागच्या बाजूने एक लाल डाग, मटारच्या दाण्याएवढा. काल दुपारी दुसरा मोजा घालायचा मी कंटाळा केला होता, आणि रात्री आरसाही धरला नव्हता.

"शुभा," मी हाक मारली, "लाल आहे."

ती पीठ लागलेल्या हाताने आली, वाकून बघितलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "दहा मिनिटं," म्हणाली.

आई आता ब्याऐंशीची आहे. समोरच्या कॉटवर पडून असते, ऐकू कमी येतं. मी जरा मोठ्याने म्हणालो, "आई, हे कुंकू नाही हां!"

"माका सांगतंस?" ती म्हणाली. "तेव्हा पण नव्हता."

शुभाने आणि मी एकमेकांकडे बघितलं.

"तुला कळलं होतं?"

"माका काय रगात कळणा नाय? चार दिवस लंगडत होतंस. म्हणान तर पायाक पाटार बसवलंय."

"मग मोजा बघितलास तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुका? तू घरातल्या कोणाचा आयकतंस?" ती उठून बसली. या वयातही तिला चांगला प्रवेश मिळाला की उठून बसते. "शनवारी हिराक जाऊन सांगलंय. म्हटलंय, गो हिरा, चारचौघांत त्येका बोल. लाजेन तरी डॉक्टराकडे जातलो."

मी आरसा खाली ठेवला. "म्हणजे वास..."

"वास खयचो? बांगड्यांचो!" आणि ती हसायला लागली, तोंडावर पदर घेऊन, बोळकं झाकत. "बरा केल्यान पण हिरान. सारखा इचारता माका, तुझो झील माझ्यार रागावलो काय? पाटीकडे येणा नाय म्हणान."

शुभा भिंतीला टेकून हसत होती, डोळे पुसत होती, पीठ गालाला लागत होतं. मी खिशातला अत्तराचा फाया काढून हातात धरला आणि त्याच्याकडे नुसता बघत राहिलो. सहा वर्षं. मी गल्लीभर लोकांना गोष्टी रचून सांगतो, आणि दोन म्हाताऱ्यांनी मला एकाच प्रयोगात गार केलं होतं.

"झाली दहा मिनिटं," शुभा म्हणाली.

मी आरसा धरला. डाग होता तसाच होता.

"मॅडमना फोन लाव," मी म्हणालो. "आणि कुबड्या दे."

त्या आता माळ्यावर नसतात, दाराआड असतात. शुभाने त्या आणल्या, आणि येता येता पायाच्या गळ्यातली झेंडूची माळ काढून एका कुबडीला गुंडाळायला लागली.

"नको," मी म्हणालो. "त्यांना हार घालू नकोस. मला आज बाजारात जायचंय."